दुसरं टोक धर

होप बे, पोर्टलँड
१४ जानेवारी १९९६

प्रिय नॉर्व्हल,

त्या शनिवारी उजाडायच्या आत मी खारा मासा पाण्यात घातला होता. मग कोंबड्यांना मका टाकला, टब पेरूच्या झाडाखाली ओढला आणि एग्बर्टच्या खाकी पँटी धुवायला बसले. तू लिहितोस की तुला फक्त ठोक्यांचा आवाज आठवतो. मला सगळं आठवतं. निळीची पुडी संपत आली होती. हिरवी केळी चुलीवर चढवायची होती. तू पायरीवर बसून तुझ्या नव्या रेकॉर्डरची बटणं दाबत होतास आणि एग्बर्ट शेडमध्ये स्पीकरच्या खोक्याचं लाकूड तपासत होता. प्रत्येक खोकं तो तसंच तपासायचा. फळीला कान लावून बोटांच्या पेरांनी तीन ठोके, मग जरा थांबायचा, मग दोन. लाकूड कुठे सैल असेल तर त्या थांबण्यात कळतं, म्हणायचा.

मग त्याने हाक मारली, "मर्टिस, ये, दुसरं टोक धर." प्लायवुडची मोठी फळी कापायची होती. मी म्हटलं, "थांब, हात साबणात आहेत." तो कसला थांबतो! फळी गुडघ्याखाली दाबून एकट्यानेच कापली आणि काप नखभर वाकडा गेला. पुढे आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता, "बघा, ही मर्टिसच्या साबणाची रेघ."

एवढीच ती सकाळ. तिला आठ वर्षं झाली. तू त्या दिवशीची टेप मागितलीस म्हणून लिहीत गेले.

टेप मी शोधली. सापडत नाही.

तुझी पत्रं नेमाने येतात, त्याबद्दल तुझी आभारी आहे. एग्बर्ट तुझ्या वडिलांचा चुलतभाऊ, म्हणजे नातं तसं लांबचंच. पण तू किंग्स्टनहून आलास, त्याच्या शवपेटीला पुढून खांदा दिलास, आणि परतताना माझ्या दारातल्या पायरीला लागलेला चिखलही धुऊन गेलास. तो चिखल मी विसरलेली नाही. मार्चमध्ये त्याला जाऊन वर्ष होईल.

शेजारचे ब्रदर ऑसी परवा पुन्हा विचारत होते. शेडमध्ये एग्बर्टचं शेवटचं खोकं आहे, त्याची एकच बाजू कापायची राहिली आहे, ती कापून जोडून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. शेडला कुलूप आहे. राहू दे तसंच.

तुझी आंटी,
मर्टिस

* * *

मॅक्सफील्ड अव्हेन्यू, किंग्स्टन
२९ जानेवारी १९९६

प्रिय आंटी मर्टिस,

टेप नसेल तर नसेल, जिवाला लावून घेऊ नका. तुमचं पत्र मात्र स्टुडिओत सगळ्यांना वाचून दाखवलं. साबणाच्या रेघेला टिन कप इतका हसला की खुर्चीवरून पडला.

टिन कप कोण, ते सांगतो. पावाची गाडी चालवतो, आणि गाणं असं म्हणतो की पाव घ्यायला आलेल्या बायका पाव विसरतात. असे दहा जण माझ्याकडे आहेत. एकाच्याही नावावर अजून एक रेकॉर्ड नाही. रोज स्टुडिओच्या फाटकाशी उभे असतात. एकेकट्याचं गाणं काढलं तर कोणी साउंडवाला चौकातल्या आपल्या स्पीकरवर ते लावणार नाही, अनोळखी नाव बघून बाजूला ठेवेल. म्हणून सगळ्यांना एकाच ठेक्यावर बसवतोय. तुम्ही साउंडवाल्याच्या घरातल्या, तुम्हाला हे नवीन नाही. एक रिदिम, त्यावर दहा जणांची दहा गाणी, आणि सगळ्यात शेवटी नुसता ठेका, त्यावर कोणाचाही आवाज नाही. ठेका लोकांच्या अंगात भिनला की दहाच्या दहा जण तरतात. नाही भिनला तर दहाही बुडतात, आणि त्यांच्या मागून मीही.

आणि मला अंकल एग्बर्टचाच ठोका हवा आहे. तीन, थांबणं, दोन. मी टेबल ठोकून पाहिलं, दार ठोकून पाहिलं, ड्रम मशीनमध्ये मोजून मोजून घातलं. टिन कप म्हणाला, "बॉस, हा ठेका नाही, घरमालक भाडं मागायला आलाय." खरं आहे त्याचं. ते मधलं थांबणं मला जमत नाही. माझं थांबणं म्हणजे नुसती रिकामी जागा होते. त्यांचं थांबणं ऐकत असायचं.

या दहांत तुमच्याच गावची एक मुलगी आहे, बेकरीवाल्यांची केरीशा. तुमच्या चर्चच्या गायनात फार मोठ्याने गाते म्हणून जिला मागच्या रांगेत उभी करायचे, तीच. दर सोमवारी बसने येते आणि बुधवारी परत जाते. अंकलच्या लाकडावर वाह्यात गाणी नको, असं तुमच्या मनात आलं असेलच. आधीच शब्द देतो, एकही नाही. जनरल जिंजर नावाच्या पोराला ते सांगितलं तर म्हणाला, "मग मी गाऊ काय, पावसाचा अंदाज?" त्याने आता आईवर गाणं केलंय.

टेप कधी सापडलीच तर कळवा. नाही सापडली तरी पत्र लिहा.

तुमचा,
नॉर्व्हल

* * *

होप बे
१८ फेब्रुवारी १९९६

प्रिय नॉर्व्हल,

मी तुझ्याशी खोटं बोलले. टेप हरवलेली नाही. ती बिस्किटांच्या डब्यात आहे आणि डबा माझ्या उशाशी आहे.

तुला ठोके हवेत. मला त्याच्या पुढचं हवं असतं. तुझं बटण चालूच राहिलं होतं, त्यामुळे ठोक्यांनंतर त्याची हाक आली आहे. "मर्टिस, ये, दुसरं टोक धर." त्यामागे, लांबून, मी. "थांब, हात साबणात आहेत." मग करवत. त्रेचाळीस वर्षं ज्याच्याबरोबर राहिले त्याच्या आवाजातले हे पाच शब्द माझ्याकडे उरले आहेत. फोटो आहेत, पण फोटो हाक मारत नाही.

गेल्या मार्चपासून मी ती रोज सकाळी लावते. चहाच्या आधी, एकदाच. आणि आता आवाज पातळ होत चालला आहे, नॉर्व्हल. ख्रिसमसच्या सुमारास लक्षात आलं. "टोक" हा शब्द आधी खणखणीत होता, आता कापडामागून आल्यासारखा येतो. म्हणजे मीच रोज ऐकून ऐकून त्याला झिजवते आहे. लावली तर झिजते, आणि न लावता डब्यात ठेवली तर माझा दिवस सुरू होत नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, पाद्रीबाबांनाही नाही.

तुझ्या पत्रातली ती दहा जणं फाटकाशी उभी आहेत हे मी चार वेळा वाचलं. तुला माहीत आहे, मी वाचायला शिकले ती लग्नानंतर, भजनाच्या पुस्तकावरून आणि कपाटात अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवरून. एग्बर्टला अक्षर येत नव्हतं. तो रेकॉर्ड लेबलच्या रंगावरून ओळखायचा, आणि रंग सारखे निघाले की हाक मारायचा, "मर्टिस, ह्यातला गाणारा कोण, वाच बघू." नवं नाव मी वाचून दाखवलं की खूश व्हायचा. म्हणायचा, "बघ, अजून एक जण फाटकाच्या आत आला." तो असता तर मी अजून नाही म्हणते आहे हे त्याला आवडलं नसतं.

तेव्हा उद्या केरीशाबरोबर डबा पाठवते आहे. पोस्टावर माझा भरवसा नाही. तिला सांगितलं आहे, बसमध्ये मांडीवर ठेव, खाली ठेवू नकोस, टपावर तर नाहीच. म्हणाली, "मिस मर्टिस, अंडी नेल्यासारखा नेते." एक करशील का? जितक्या वेळा लागेल तितक्याच वेळा लाव, जास्त नको. आणि परत पाठव.

मर्टिस

* * *

होप बे
२४ मार्च १९९६

नॉर्व्हल,

पाच आठवडे झाले. केरीशा म्हणते डबा तिने तुझ्या हातात दिला. तिला पुढचं विचारलं तर नजर खाली घालते.

काल एग्बर्टला वर्ष झालं. चर्चमध्ये त्याचं नाव घेतलं. ब्रदर ऑसींनी ब्रेडफ्रूटचं फणसाएवढं फळ भाजून आणून दिलं.

काय ते लिही. वाईट असेल तरी चालेल.

मर्टिस

* * *

किंग्स्टन
२ एप्रिल १९९६

प्रिय आंटी मर्टिस,

वाईटच आहे. केरीशाला रागावू नका, मीच तिला गप्प राहायला सांगितलं होतं. दर सोमवारी वाटायचं, आज काहीतरी दुरुस्त होईल आणि मग चांगलं पत्र लिहीन.

ठोके आम्ही पहिल्याच फेरीत उतरवून घेतले. तुमची अट मी सगळ्यांना सांगितली होती, म्हणून मी बंदचं बटण दाबलं. मशीन थांबलं, पण टेप आत अडकली. बाहेर काढेपर्यंत ती सुरकुतली आणि तुटली. हाकेच्या जवळपासच तुटली. खोलीत आम्ही सातजण होतो. जनरल जिंजर कधी गप्प बसत नाही, तो बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

इथे एक म्हातारे मिस्टर पिनॉक आहेत, रेडिओवरून निवृत्त झालेले. टेप जोडण्याचं काम त्यांच्यासारखं कोणाला येत नाही. त्यांच्याकडे दिली आहे. काय वाचेल ते ते सांगत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "तू आंब्याच्या झाडाला रोज विचारतोस का, पिकले का म्हणून?" त्यामुळे मी तुम्हाला काहीच शब्द देत नाही. एकदा दिलेला मोडला आहे.

मला क्षमा करा असंही लिहिवत नाही.

नॉर्व्हल

* * *

किंग्स्टन
१० जून १९९६

आंटी मर्टिस,

ही रेकॉर्ड बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतो आहे. केरीशाला गेला महिनाभर इथे कार्यक्रमांतून उसंत नाही. आधी ऐका, मग बोलू. पण पूर्ण ऐका.

नॉर्व्हल

* * *

होप बे
१६ जून १९९६

प्रिय नॉर्व्हल,

रेकॉर्ड पोचली. ड्रायव्हरने बस घरासमोर थांबवली आणि स्वतः उतरून आणून दिली. माणसं खोळंबली होती, पण कोणी कुरकुरलं नाही.

आधी मी अक्षरं वाचली. कव्हरवरची सगळी, मागची बारीकसुद्धा. "दुसरं टोक रिदिम" हे नाव दोनदा वाचलं. मग दहा नावं मोठ्याने वाचली, एग्बर्टला वाचून दाखवायची तशी. आणि सगळ्यांत खाली, "ठोका: एग्बर्ट डॉकिन्स, होप बे." आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या रेकॉर्ड वाजवल्या. त्याचं नाव लेबलवर आलेलं मी पहिल्यांदा वाचलं. त्याला स्वतःला ते वाचता आलं नसतं, मी वाचून दाखवलं असतं, आणि तो म्हणाला असता, "पुन्हा वाच, नीट ऐकू नाही आलं."

मग समोरच्या खोलीतल्या त्याच्या मशीनवर लावली. बसून, मांडीवर हात ठेवून, दहाची दहा गाणी ऐकली. तुझ्या टिन कपचा आवाज गोड आहे. जनरल जिंजरला सांग, आईवरचं गाणं ऐकून मी डोळे पुसले, पण दुसऱ्या कडव्यात तो फार घाई करतो. केरीशा मोठ्यानेच गाते. तिला मागच्या रांगेत उभं करणाऱ्यांत मीही होते, हे तिला सांगू नकोस. नको, सांग. आणि सांग की माझं चुकलं.

प्रत्येक गाण्याखाली तो होता. तीन, थांबणं, दोन. शनिवारी दुपारी चौकात साउंड लागला होता. मी मिठाईवालीच्या टपरीपाशी उभी होते. केरीशाचं गाणं लागलं आणि लोकांनी खुशीने भांड्यांची झाकणं वाजवली, पत्रे बडवले, तेव्हा साउंडवाल्याने रेकॉर्ड थांबवून पुन्हा पहिल्यापासून लावली. तीनदा. मिठाईवाली मला म्हणाली, "काय मिस मर्टिस, पाय हलतायत तुमचे!" मी म्हटलं, "पाय माझे नाहीत, एग्बर्टचे आहेत."

आता टेपबद्दल. दहाव्या गाण्यानंतर मी सुई उचलली. आवाज वाचला नाही हे मला कळलं. तू लिहिलं नाहीस, त्यावरूनच कळलं. नॉर्व्हल, मनाला लावून घेऊ नकोस. ती टेप तुझ्या मशीनने तोडली, पण झिजवली मीच होती. आणखी वर्षभरात माझ्या डब्यात नुसती खरखर उरली असती, आणि ती मला एकटीलाच ऐकू आली असती. त्याऐवजी आता दहा जण फाटकाच्या आत आले आहेत. पाच शब्दांच्या बदल्यात एवढं मिळालं. मी तुझी ऋणी आहे, आणि हे शिष्टाचार म्हणून लिहीत नाही.

सकाळी आता चहा आधी घेते. सवय होईल.

ब्रदर ऑसी रेकॉर्ड ऐकायला आले होते. जाताना पुन्हा खोक्याचं विचारलं. मी पुन्हा नको म्हटलं.

तुझी आंटी,
मर्टिस

* * *

किंग्स्टन
२१ जून १९९६

प्रिय आंटी मर्टिस,

तुम्ही सुई उचललीत!

पत्र वाचता वाचता मी ओरडलो, तर शेजारची बाई धावत आली. अंकल एग्बर्टचा तो नियम मी कसा विसरलो? "शेवटचा नुसता ठेका माइकवर गाणाऱ्यासाठी असतो, घरच्या माणसाने तिथे सुई झिजवू नये." मलाही एकदा हातावर चापट मारली होती त्यांनी. आणि मी शहाण्याने लिहिलं, पूर्ण ऐका. तुमच्या घरात पूर्ण म्हणजे दहा!

आंटी, अकरावं ऐका. आवाज वाचला आहे.

मिस्टर पिनॉकनी पाचही शब्द वाचवले. टेप धुतली, सुकवली, जोडली, आणि मग काय जादू केली ती त्यांनाच ठाऊक, "टोक" पुन्हा खणखणीत आहे. पण एक सांगायला हवं. बोटभर तुकडा इतका चुरगळला होता की कापून टाकावा लागला. त्या तुकड्यात तुमचं उत्तर होतं. "थांब, हात साबणात आहेत," ते गेलं. ते म्हणाले, दोन टोकं चिकटवून टाकू का? मी म्हटलं, नको, जेवढा तुकडा गेला तेवढी जागा कोरी ठेवा. म्हणून आता अंकल हाक मारतात, मग काही नाही, आणि मग ठोका सुरू होतो.

तो ठेका आम्ही कोणाला गायला दिला नाही. टिन कपला मी गमतीने विचारलं, तुला हवाय का? म्हणाला, "बॉस, त्यांनी हाक दुसऱ्याला मारलीय. आपण मध्ये कशाला बोलायचं?"

तुमची परवानगी न घेता हे केलं, ते मात्र चुकलं. आधी विचारलं असतं तर तुम्हाला ऐकण्याआधीच कळलं असतं, म्हणून विचारलं नाही. जगाने ती हाक ऐकू नये असं वाटत असेल तर कळवा. पुढच्या छपाईत ती काढतो, तुमच्यापुरती वेगळी ठेवतो.

जुनी टेपही सोबत पाठवत आहे, त्याच डब्यात. ती आता लावू नका. रेकॉर्ड झिजली तर माझ्याकडे दुसऱ्या आहेत. झिजवा बिनधास्त.

तुमचा,
नॉर्व्हल

* * *

होप बे
२९ जून १९९६

प्रिय नॉर्व्हल,

तुझं पत्र मंगळवारी आलं. मी ते उभ्यानेच वाचलं. मग मशीनचं झाकण उघडलं, दुसरी बाजू लावली, आणि दहावं, केरीशाचं, गाणं संपल्यावर हात मांडीखाली दाबून बसले, नाहीतर सवयीने सुई उचलली असती.

त्याने हाक मारली. तू म्हणतोस तसा आवाज खणखणीत आहे. मला वाटलं होतं मी मोडून पडेन. तसं झालं नाही. शेडमधून हाक आल्यावर जसं मान वर करून बघायची, तसंच बघितलं. आणि मग ती कोरी जागा आली. माझं उत्तर तिथे नव्हतं. नॉर्व्हल, आठ वर्षं ते उत्तर मला टोचत होतं, हे मी तुला लिहिलं नव्हतं, स्वतःशीही कधी म्हटलं नव्हतं. मिस्टर पिनॉकना माझा नमस्कार सांग. त्यांनी काय कापून टाकलं ते त्यांना माहीत नाही.

हाक काढू नकोस. राहू दे. कोणाच्या तरी घरी कोणीतरी ऐकेल आणि उठून जाईल.

त्या दिवशी मी ती एकदाच लावली. मग पेजेसाठी मक्याचं पीठ काढलं, कोंबड्या आत घेतल्या आणि झोपले. झोप चांगली लागली. तुझे, त्या दहा जणांचे आणि ज्या ड्रायव्हरने बस थांबवली त्याचे, सगळ्यांचे प्रार्थनेत आभार मानले. नावं आठवायला कव्हर उशाशी घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडचं कुलूप काढलं, कुंपणावरून ब्रदर ऑसींना हाक मारली, आणि ते शेवटची फळी कापत होते तोवर मी दुसरं टोक धरून उभी राहिले.

तुझी आंटी,
मर्टिस